पाच परसांवरचं तळं

टिपर उलटा येत होता, ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ओरडत होता, आणि दीक्षा दुधाची पिशवी धरून भिंतीला चिकटून उभी होती. रविवारची सकाळ. हिंगोलीतल्या तिच्या गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी प्लॉटात महिनाभर भर टाकणं चाललं होतं. हौदा वर झाला, दगड खडखडत खाली आले, आणि त्यातला एक, ताटाएवढा चपटा, कोलांट्या घेत तिच्यापर्यंत आला नि पायाच्या अंगठ्यावर आदळला. कळ पार टाळूपर्यंत गेली. ती मटकन खाली बसली. शिवी ओठांवर आली होती, ती तिथंच राहिली. दगड राखाडी होता. या मुलखात दगड काळा असतो. घराच्या जोत्याचा, रस्त्याच्या खडीचा, वरवंट्याचा, सगळा काळा. आणि या राखाडी दगडावर एक गोगलगाय बसली होती. बोटाच्या पेराएवढी, दुधी, गुळगुळीत, डावीकडे वळत गेलेले वेढे. शेजारी दुसरी, अर्धी तुटलेली. तिच्याखाली तिसरी. दीक्षानं ओढणीचं टोक ओलं करून धूळ पुसली आणि तिच्या लक्षात आलं की दगडावर गोगलगायी नव्हत्या, दगडच गोगलगायींचा होता. अंगठ्यातून रक्त येत होतं. ते तिला दिसत होतं, पण दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं.

“ताई, लागलं काय?” ड्रायव्हर खाली उतरला.

“हे दगड कुठले, दादा?”

“साखऱ्याचे. व्यंकटरावाच्या नव्या हिरीतले. काहून?”

“किती खोलीवर निघाले?”

“ते मला काय म्हाईत? आज चार वाजता शेवटचा सुरुंग हाय म्हणत व्हते. मंग उद्यापासून काँक्रीट.”

साखरा. तिचंच गाव. दूध तिनं शेजारच्या ओट्यावर ठेवलं की रस्त्यावर, हे तिला नंतर कधी आठवलं नाही. अंगठ्याला रुमाल बांधून, दगड पिशवीत घालून ती स्टँडवर आली तेव्हा साडेनऊ झाले होते. अकरा वाजता क्लासमध्ये सराव परीक्षा होती, एकशेवीस मुलं बसायची होती, प्रश्नपत्रिका तिनंच काढली होती. सेनगावच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर तिनं फोनचा आवाज बंद केला आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की शेजारच्या बाईनं विचारलं, “बरं न्हाई का वो?” बरं नाही? गेल्या आठ वर्षांत इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी ती संभाजीनगरला विद्यापीठात होती. तिच्या टेबलावर असेच दगड असायचे, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. जुन्या तळ्यांचा गाळ, दगड झालेला. तो पाण्यात भिजवायचा, चाळायचा, उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मग त्या धुळीतून एकेक वस्तू उभी राहायची: माशाचा खवला, दात, मोहरीपेक्षा बारीक शेवाळाचं फळ, त्याच्यावर सुताराने कोरावेत असे पीळ. मान अवघडायची तरी उठवत नसे. मग आईचा आजार निघाला. आठवड्यातून दोनदा आईला, भागूबाईला, नांदेडला न्यायचं, मशीनला लावायचं, चार तास बाकावर बसायचं. अडीच वर्षं. आई गेली तेव्हा टेबल दुसऱ्या कुणाचं झालं होतं आणि दीक्षाला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. आपल्यातलं काहीतरी विझलंय एवढंच कळलं होतं, दिवे गेले की पंखा थांबल्याचं कळतं तसं. मग हिंगोलीतला क्लास. बारावीचं जीवशास्त्र. पृथ्वीवर महाविलोपनं किती झाली? पाच. सर्वांत मोठं कोणतं? तिसरं. सैबेरियात जमीन फाटून लाव्हा वाहिला, हवा तापली, समुद्र गुदमरले, समुद्रातल्या दर दहा जातींतल्या नऊ संपल्या. शेवटचं? डायनासोरांचं. पर्याय क. पोरं पटापटा गोल काळे करायची. नंतर काय झालं, हे कुणी विचारायचं नाही, कारण ते परीक्षेला नव्हतं.

गाडी फाट्याफाट्याला थांबत होती. हरभरा निघालेली रानं मोकळी पडली होती, कुठंतरी हळद शिजत होती, तिचा उग्र, ओला वास काचेतून आत येत होता. दीक्षा बाहेर बघत होती आणि तिला शेतं दिसत नव्हती. शेतांखालचं दिसत होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं डोंगर फुटला नव्हता, भुई उसवली होती. भेगांतून लाव्हा वर आला आणि पाण्यासारखा पसरत गेला, जिल्हेच्या जिल्हे झाकत. थंड झाला, काळा दगड झाला. पुन्हा आला. पुन्हा. लाखो वर्षं. त्याच काळात पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला डोंगराएवढी उल्का पडली आणि सूर्य झाकला गेला. डायनासोरांचा खरा काळ कोण, ती उल्का की ही इथली आग, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. पण एका आगीनंतर दुसरी आग यायला कधी हजारो वर्षं लागायची. तेवढ्या काळात काळ्या दगडावर पाऊस पडायचा, खड्ड्यांत पाणी साचायचं, तळी व्हायची. आणि त्या तळ्यांत कुणीतरी राहायला यायचं. तिच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत ते तळं होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

त्या हसण्याच्या तळाशी एक थंडगार गोष्टही होती. लहानपणी साखऱ्याच्या ओढ्यापलीकडं मेलेली ढोरं टाकायचे आणि तिथं गिधाडं उतरायची, तीस-तीस, चाळीस-चाळीस. पंख पसरले की खाटेएवढे. ती घाबरून बाबांच्या मागं लपायची. मग गिधाडं नव्हती. कधी संपली? दीक्षाला वर्ष आठवेना. गावात कुणालाच आठवलं नसतं. ढोर मेलं, गिधाड आलं नाही, दुसऱ्या दिवशी कुत्री आली, एवढंच. विलोपन असंच होत असेल. आत राहणाऱ्याला आवाज येत नसेल.

सेनगावहून जीप. व्यंकटरावांच्या शेतापाशी ती उतरली तेव्हा पावणेबारा होत होते. विहिरीच्या काठावर क्रेन, काळ्या दगडांचा ढीग, त्यात मधेमधे राखाडी. आणि ढिगावर, टोपी गुडघ्यावर ठेवून, तिचे बाबा. शेषरावांनी चाळीस वर्षं या तालुक्यात विहिरी खोदल्या होत्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून धुळीत जायचं नाही म्हणून सांगितल्याला सहा वर्षं झाली होती. आता दुसरे खोदायचे आणि ते न बोलावता येऊन काठावर बसायचे.

“दीक्षे? तू कशी काय आज? पायाला काय झालं?”

तिनं पिशवीतला दगड त्यांच्या मांडीवर ठेवला. “बाबा, हा थर कुठाय?”

“ह्यो व्हय? गोगलगाईचा फत्तर.” त्यांनी तो उलटापालटा केला. “पाच परसावर हाय. सव्वा हात जाड. काहून?”

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. पाच माणसं एकमेकांच्या खांद्यावर. बाबा ते अगदी सहज म्हणाले. “तुम्हाला माहीत होतं?”

“आता हिरीत असतंय मंजी असतंय. त्यात म्हाईत काय असायचं?”

क्रेनवाला मोहनसिंग आणि शेताचे मालक व्यंकटराव एका बाजूला बोलत उभे होते. व्यंकटराव साठीचे, धिप्पाड, पांढरा शर्ट. तिनं त्यांना एका दमात सगळं सांगितलं. खूप भरभर सांगितलं, हे तिला कळत होतं. तळं, आग, कोट्यवधी वर्षं, मला आत उतरू द्या, तो थर तसाच ठेवा.

व्यंकटरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्याडम, तुमी शिकलेल्या हाव, खोटं सांगायच्या न्हाईत. पर तेवढाच थर मऊ हाय. उघडा ठेवला तर पावसाळ्यात ढासळतो, अन् त्याच्यावरचा फत्तर खाली येतो. खाली मोटर असंल, माणूस असंल. त्याला काँक्रीट मारावंच लागतं.”

“मग सुरुंग तरी आज नको, हादऱ्यानं थर फुटेल.”

“सुरुंगवाला चारला येणार,” मोहनसिंग म्हणाला. “लायसनचा माणूस हाय, पुन्हा पंधरा दिवस मिळत न्हाई. होल मारून तयार हायेत, दारू अजून भरली न्हाई. तोपर्यंत काय करायचं ते करा. मगर ताई, तुमी अकेली खाली नको.”

“अकेली काहून?” शेषराव उठले होते. “म्या हाव की.”

“बाबा, नाही. धूळ आहे.”

“तुला फत्तर काढता येतो का? छिन्नी कुठं ठिवायची, म्हाईत हाय?” त्यांनी उपरणं तोंडाला बांधलं. उपरण्यावरचे डोळे तिला ओळखू येईनात. इतके तरुण होते. “घण मारला तर भुगा हुईल त्याचा. चल.”

क्रेनच्या बकेटमध्ये दोघं उभी राहिली. लोखंडी दोर करकरला आणि भुई वर सरकू लागली. आधी काळी माती, भेगाळलेली, तिच्यात कापसाच्या मुळ्या लोंबत होत्या. मग पिवळा मुरूम. मग खडक सुरू झाला आणि गारवा आला. दीक्षानं हात लांब करून भिंतीला बोटं लावली. काळा दगड, त्यात पांढरे ठिपके, एकेकाळचे बुडबुडे. ही एक आग. दोन परस, तीन परस. एवढी जाड आग. वर आभाळाचं ताट लहान होत गेलं. तिला वाटलं होतं भीती वाटेल. तिला वाटत होतं की ओरडावं, आणि ओरडलं असतं तर आवाज खालून वर यायच्या ऐवजी वरून खाली, मागे मागे गेला असता, आईच्या मशीनच्या आवाजापलीकडं, नांदेडच्या बाकापलीकडं, त्या टेबलापाशी. बकेट थांबली. बाबांनी भिंतीवर थाप मारली. “ह्यो बघ.”

काळ्याच्या खाली एक विटकरी, भाजल्यासारखी कड होती, जिथं वरची आग येऊन टेकली होती. तिच्याखाली राखाडी. सव्वा हात. थरावर थर, वहीच्या पानांसारखे, आणि सगळ्या पानांत त्या गोगलगायी, हजारो, आडव्या, उभ्या. सव्वा हातात किती वर्षं असतील? हजारो. पण कोणती? डायनासोर असतानाची की गेल्यानंतरची? तिला सांगता येत नव्हतं. दगड प्रयोगशाळेत न्यावा लागेल, त्यातल्या राखेचं वय मोजावं लागेल, महिने लागतील. न सांगता येण्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. क्लासमध्ये चार पर्याय असत. इथं एकही नव्हता.

बाबा कामाला लागले होते. बोटाच्या गाठीनं ठोकून ऐकायचे, कान लावायचे, मग दोन पानांच्या मधे छिन्नी धरून हळूच टकटक, आणि एक पातळ पाचर. दगड स्वतःच सुटायचा. ती खडूनं त्यावर बाण काढायची, वर कोणतं, खाली कोणतं, फोटो घ्यायची, गोणपाटात गुंडाळायची. अडीच वाजेपर्यंत आठ तुकडे निघाले. बाबा मधेच खोकायचे, ती त्यांचा हात धरायची, ते झटकायचे.

“दीक्षे, एक सांग. ही समदी कशानं मेली?”

“वरची आग आली ना, त्यानं. तळं उकळलं असेल, आटलं असेल.”

“अन् खालच्या आगीनं आधीची मेली.”

“हो.”

“मंग ही कुठून आली? खाली आग, वर आग. मधी यायला वाट कोणती?”

हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. ती बोलायला लागली. की सगळं कधीच मरत नाही. लांब कुठंतरी, आग पोचली नाही अशा कोपऱ्यात, थोडं उरतं. अंडी पाखरांच्या पायाला चिकटून येतात, बी वाऱ्यावर येतं. आधी जे येतं ते मोठं नसतं, देखणं नसतं, कशावरही जगणारं असतं. त्याची माती होते, मग त्या मातीत पुढचं. तिसऱ्या विलोपनानंतर समुद्र पहिल्यासारखा गजबजायला जवळजवळ कोटभर वर्षं लागली, आणि परत आलं ते आधीचं नव्हतंच, वेगळंच होतं. आपणसुद्धा, बाबा, डायनासोर गेले नसते तर उंदराएवढेच राहिलो असतो, बिळात. तिचा आवाज गोल भिंतीवरून फिरून तिच्याकडंच येत होता आणि तो तिला आवडत होता.

शेषराव ऐकता ऐकता खाली वाकले होते. राखाडी थराची अगदी तळची पट्टी, जिथं तो खालच्या काळ्या दगडाला टेकला होता, तिथं ती बोटभर जाड आणि काळपट होती. गोगलगायी तिथं नव्हत्या. त्यांनी छिन्नीचं टोक घातलं, पान उलगडलं, आणि तसेच थांबले.

“आरं,” ते म्हणाले. “ह्यो तर हंसराज हाय.”

दीक्षानं मोबाइलची बॅटरी लावली. दगडावर काळ्या रेघांत एक पान होतं, मधला देठ, दोन्ही बाजूंना कातरलेली बारीक पानं, टोकाशी अजून गुंडाळलेलं. नेचा. विलोपनानंतर सगळ्यात आधी येतात ते नेचे. तिनं पुस्तकात वाचलं होतं. उल्का पडल्यानंतरच्या थरांत दुसरं काही नसतं, जवळजवळ नुसते नेच्यांचे बीजाणू. हा त्याच वेळचा असेलच असं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि तरी बॅटरी पानाच्या आणखी जवळ नेली.

“तुम्ही ओळखता?”

“वळखीन न्हाई तर काय? जुन्या हिरीच्या भितीत असतो. खोकल्यावर देतेत.” बाबांनी उपरणं खाली ओढलं होतं. “आगं, नवी हीर खोदली की नुसता उघडा फत्तर असतो, आत काय बी नसतं. कुत्रं बी ढुंकत न्हाई. दोन पावसाळे गेले की सांदीत पैल्यांदा हाच उगवतो. मंग शेवाळ, मंग बेडूक, मंग पारव्याचं घरटं. म्या बघितलंय की. एक न्हाई, किती तरी हिरींत.” त्यांनी बोट त्या पानावरून फिरवलं, न टेकवता. “मंजी तवा बी असंच?”

“तवा बी असंच, बाबा.”

त्यांनी छिन्नी बकेटात ठेवली. मग हलकेच म्हणाले, “अन् म्या ह्यांच्यावर सुरुंग लावत आलो. जल्मभर.”

वरून मोहनसिंगची हाक आली. पावणेचार. शेवटचं पान बाबांनी गोणपाटात न देता छातीशी धरलं आणि तसंच वर आणलं. सुरुंग झाला तेव्हा सगळे बांधापलीकडं बसले होते. भुई दोनदा हलली, धुळीचा खांब उठला, आणि धूळ बसल्यावर काठावरून वाकून मोहनसिंग ओरडला, “लागलं! लागलं!” तळातून पाणी उसळत होतं. व्यंकटरावांनी हात जोडले. दीक्षा पाण्याकडं बघत नव्हती. लिंबाखाली नऊ दगड मांडले होते आणि ती त्यांच्यावर आकडे टाकत होती. विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाईंचा नंबर तिनं फोनमध्ये शोधला होता. त्या पहिल्या रिंगला उचलतील असं तिला वाटलं नव्हतं. “कोण? दीक्षा? कुठं होतीस गं इतकी वर्षं?” आणि मग, फोटो बघितल्यावर: “एवढ्याच विहिरीत आहे, की तळं मोठं होतं? आजूबाजूला कुठं दिसलंय?” क्लासमधून आलेले अकरा मिसकॉल तिनं तसेच राहू दिले.

“बाबा, हा थर आणखी कुठं लागला होता तुम्हाला?”

शेषराव बुंध्याला टेकून बसले होते, दमलेले, घामेजलेले. त्यांनी डोळे मिटले. “वही घे,” ते म्हणाले.

तिनं पर्समधून वही काढली.

“विश्वंभर पाटलाची, माळावरची. साडेचार परसावर, एक हात जाड, गोगलगाई बारक्या. शाळंमागची सरकारी हीर, पाच परसाला दोन बोटं कमी. तिथं माशाचं काटं बी व्हते. ओढ्याच्या अंगाला न्हाई लागत, तिथं सलग काळाच हाय. मंग सुदामच्या शेतात पुन्हा लागतो, पर पातळ.” ते थांबत नव्हते. दीक्षा लिहीत होती आणि लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांपुढं तळ्याचा काठ उमटत होता, इथं खोल, इथं उथळ, इथं संपलं. चाळीस वर्षांच्या विहिरी, हातांनी आणि बोटांनी मोजलेल्या, एकाही कागदावर नसलेल्या. ते विहीर कुणाची, थर किती खोल, जाडी किती, आणि पाणी कसं, असं चारही सांगायचे. पाणी मचूळ. पाणी जड. पाणी गोड, डाळ लवकर शिजते.

व्यंकटराव जवळ येऊन उभे राहिले होते. कौतुकानं ऐकत होते. “शेषराव, आमच्या आज्याची गावातली हीर? ती बी तुमीच खोदली की.”

“व्हय. पैलीच ती माझी. सतरा वरसाचा व्हतो.” शेषरावांनी डोळे उघडले नाहीत. “चार परस, तीन हात. थर दीड हाताचा, समद्यांत जाड. पानी गोड हाय म्हणतेत.”

दीक्षाचं पेन थांबलं. “म्हणतात?”

“मला चाखू दिलं न्हाई, माय. पानी लागलं तवा वर बलावलं अन् म्हणले, आता उतरू नगंस.”

व्यंकटराव विहिरीकडं बघू लागले, जिथं गढूळ पाणी अजून वर चढत होतं. दीक्षानं खोली लिहिली, जाडी लिहिली. पाण्याच्या पुढं ती थोडी थांबली आणि मग बाबा जे म्हणाले होते ते तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहिलं. तिनं मान वर केली तेव्हा शेषराव सरसावून बसले होते, डोळे उघडे, गालांवर धुळीतून घामाच्या रेघा, एक हात पूर्वेकडं लांब केलेला.

“लिव्हलं का? आता तिकडची घे. कडोळी रस्त्याला पाच हायत, पाचही एका रांगंत.”